कर्नलसाहेबांची चोरी

व्हर्लिन स्टॉफरच्या घराण्यात चोरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि केटल फोर्क गावाला तिचा केवढा अभिमान! व्हर्लिनच्या पणजोबांनी तर सरळ सरकारच चोरलं होतं.

झालं असं, की कॅन्ससच्या त्या पश्चिम टोकाला, जिथे नजरेला अडवायला एक टेकाड नाही, तिथे जिल्हा नवा नवा मांडला तेव्हा मुख्य ठाणं कोणाचं यावरून दोन गावं भांडायला लागली. एक केटल फोर्क, दुसरं वेस्टोव्हर. मतदान झालं आणि वेस्टोव्हर जिंकलं. का? तर तिथे त्या दिवशी खेचरांनीही मतं टाकली म्हणून. केटल फोर्कमधल्या खेचरांनीही टाकली होती, पण ती संख्येनं कमी पडली, हे मात्र केटल फोर्कवाले कोणाला सांगत नाहीत. मग एका भर दुपारी पणजोबा गाड्या जोडून निघाले. कचेरीतली तिजोरी उचलली, दप्तरं उचलली, न्यायाधीशाची खुर्ची उचलली. न्यायाधीश त्या खुर्चीत घोरत होता, त्याला अलगद जमिनीवर उतरवला. आणि तिजोरीच्या जागी काय ठेवलं, तर कोबीचा एक गड्डा. म्हणजे कोण येऊन गेलं ते त्यांना कळावं. कोबी लावणारे जर्मन तेव्हा केटल फोर्कमध्येच होते.

काही वर्षं जिल्हा केटल फोर्कमधून चालला. पुढे रेल्वे वेस्टोव्हरवरून गेली, आणि तिजोरीही निमूट रुळांच्या बाजूला गेली. केटल फोर्कच्या नशिबात एवढंच सरकार होतं.

पण गंमत उरली. दरवर्षी ऑगस्टमध्ये, गहू काढून झाला की, केटल फोर्कची माणसं वेस्टोव्हरच्या कचेरीपुढे ठेवलेली लाकडाची खोटी तिजोरी पळवायची. जागेवर कोबी ठेवायची. वेस्टोव्हरवाले आरडाओरडा करत पिकअप गाड्या घेऊन मागे लागायचे, पिठाच्या पिशव्या आणि सडके टोमॅटो फेकायचे. पुलावर चोर धरले जायचे. मग अख्खं डुक्कर भाजायचं, बिअर प्यायची, आणि दोन्ही गावांनी मिळून एकमेकांच्या आज्यापणज्यांचा उद्धार करायचा. कितीतरी लग्नं त्या पुलावर जमली. व्हर्लिनचंही तिथेच जमलं. बायको वेस्टोव्हरची होती. तिचा टोमॅटो बरोबर त्याच्या कानात बसला होता.

आता बायको नव्हती. शाळा नव्हती. धान्याचा उंच पांढरा मनोरा उभा होता, पण आत दाणा नव्हता. सगळ्यांचा गहू थेट वेस्टोव्हरला जायचा. गावात माणसं एवढीच, की सगळी आर्डिस कुंट्झच्या स्वयंपाकघरात मावायची, आणि रोज सकाळी कॉफीला मावायचीच.

गेल्या नाताळात व्हर्लिन तळघराच्या पायऱ्यांवरून पडला. आर्डिसला सापडेपर्यंत बराच वेळ तिथेच पडून होता. डेन्व्हरहून त्याची मुलगी जोलीन धावत आली.

"बाबा, आता पुरे. माझ्याकडे चला. आमच्या घराजवळ एक चांगलं ठिकाण आहे. तुमच्या वयाची माणसं असतात, डॉक्टर असतो, बागेत कारंजं आहे."

"कारंजं? मी काय चिमणी आहे?"

"विनोद करू नका."

"बरं, नाही करत. ऐक. ज्या वर्षी वेस्टोव्हरवाले माझ्या मागे लागणार नाहीत, त्या वर्षी मी तुझ्याबरोबर येतो. मुकाट्यानं येतो. आर्डिस, तू साक्षीदार."

आर्डिस भांडी पुसत होती. "मी साक्षीदार," ती म्हणाली, "आणि पंचही. नाहीतर हा नंतर शब्द फिरवेल."

जोलीननं हात पुढे केला. व्हर्लिननं तो झटकन हातात घेतला. जिंकणार याची त्याला खात्री होती. तसं गेल्या काही वर्षांत मागे लागणाऱ्या गाड्या कमी होत चालल्या होत्या खऱ्या. शेवटी शेवटी तर एकटा गेल ओस्टमायर उरला होता, तोही इतका हळू चालवायचा, की पुलावर पोचून व्हर्लिनलाच त्याची वाट बघत थांबायला लागायचं. पण गेल यायचा. टोमॅटोही आणायचा. दुकानातले असायचे, पण असायचे.

फेब्रुवारीत गेल गेला.

जुलैअखेर वेस्टोव्हरच्या उत्सव समितीतल्या कोणा बाईंचा फोन आला. आवाज अगदी गोड.

"मिस्टर स्टॉफर, ती लाकडी पेटी आहे ना, ती यंदा आम्ही मांडत नाही आहोत. जुन्या मोटारींचं प्रदर्शन आहे, जागा लागते. तुम्हाला हवी तर केव्हाही येऊन घेऊन जा. मागच्या दारानं या, तिथे गाडी लावायला सोपं पडेल."

"घेऊन जा?" व्हर्लिन म्हणाला. "अहो बाई, ती चोरायची असते."

"हो हो, तसंही चालेल," बाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि व्हर्लिन खुर्चीत बसून राहिला. चोराला कोणी मागच्या दारानं या म्हटलं, तर त्यानं तोंड कुठे लपवायचं?

दुसऱ्या दिवशी कॉफीला मात्र चेहरा बदललेला. मर्ल आणि लेरॉय हे त्याचे दोन जुने साथीदार समोर बसले होते. मर्लचा गुडघा लोखंडाचा, लेरॉयचे दोन्ही कान गेलेले.

"पोरांनो," व्हर्लिन म्हणाला, "यंदा खरी चोरी करायची."

"काय?" लेरॉय ओरडला.

"खरी चोरी!" मर्ल त्याच्या कानात ओरडला.

"कसली चोळी?"

"कर्नल उचलायचा!"

आर्डिसच्या हातातला चमचा थांबला. कर्नल वेस्टोव्हर म्हणजे गाव वसवणारा माणूस. कर्नल कसला, केस उगवायचं तेल विकायचा. पण कचेरीपुढच्या हिरवळीवर त्याचा छातीपर्यंतचा ब्राँझचा पुतळा होता, मिशा अशा की त्यांच्यावर टोपी अडकवावी.

"त्यांचा बापच पळवला," व्हर्लिन म्हणाला, "की येतील की नाही बघ. झक मारत येतील."

"तुरुंगात जाशील," आर्डिस म्हणाली.

"तिथेही डॉक्टर असतोच. कारंजं तेवढं नसेल."

रात्रीबित्री काही नाही. चोरी भर दुपारी करायची ही घराण्याची रीत. नारिंगी जाकिटं मर्लकडे होती, रस्तादुरुस्तीतल्या नोकरीच्या वेळची. नारिंगी शंकूही चार मिळाले. शनिवारी, जेवणाच्या वेळी, तिघं वेस्टोव्हरच्या हिरवळीवर उतरले, पुतळ्याभोवती शंकू मांडले, आणि झालं. जगात नारिंगी जाकिटाला कोणी काही विचारत नाही. पलीकडे जुन्या मोटारींची गर्दी होती. लोक सॉसेज खात चकाकती टपं न्याहाळत होते.

व्हर्लिन मनातून मात्र वाट बघत होता. कोणीतरी ओरडावं. "ए, काय करताय?" एवढंच कोणी म्हणालं असतं तरी तो आनंदानं पळाला असता.

बँकेतून एक बाई बाहेर आली. व्हर्लिननं मुद्दाम तिच्याकडे चोरट्या नजरेनं बघितलं.

"धुवायला नेताय का?" तिनं विचारलं.

"कबुतरं फार घाण करतात," मर्लच्या तोंडून निघून गेलं. व्हर्लिननं त्याला कोपर मारलं.

"बरं झालं बाई. किती दिवस म्हणत होते मी."

नटबोल्ट निघाले, पण कर्नल हलेना. चांगला जड माणूस. लेरॉयचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात हाफ चड्डीतला एक गृहस्थ कुत्रं घेऊन चालला होता. त्यानं कुत्र्याची दोरी खांबाला बांधली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "थांबा काका, तुमच्या कमरा जातील. मी धरतो."

"तू वेस्टोव्हरचाच ना?" व्हर्लिननं विचारलं.

"हो, चार वर्षं झाली येऊन."

"हा कोण आहे, माहीत आहे तुला?"

गृहस्थानं कर्नलच्या तोंडाकडे बघितलं. "कोणी सेनेटर असेल," तो म्हणाला, आणि कर्नलला उचलून पिकअपमध्ये ठेवलाही. वर "जपून जा" म्हणाला.

रिकाम्या चौथऱ्यावर व्हर्लिननं कोबीचा गड्डा ठेवला. आर्डिसच्या बागेतला, टपोरा. मग कर्नलला पुढच्या सीटवर दोघांच्या मधे बसवून पट्टा लावला, आणि लेरॉय मागे शंकूंबरोबर बसला. गावाबाहेर पडेपर्यंत व्हर्लिननं इतका भोंगा वाजवला, इतका वाजवला, की मोटारींच्या प्रदर्शनातल्या लोकांनी हात हलवून दाखवले. त्यांना वाटलं, हीपण जुनी मोटारच आहे.

केटल फोर्कच्या पुलाजवळ सगळी तयारी होती. डुक्कर पहाटेपासून भाजत ठेवलेलं. आर्डिसनं पीचचे केक केले होते, नेहमीसारखे दोन गावांना पुरतील एवढे. कर्नलला दारूच्या पिंपावर बसवला आणि त्याच्या डोक्यावर गवताची टोपी चढवली. गावातली सगळी माणसं खुर्च्या टाकून रस्त्याकडे तोंड करून बसली. त्या प्रदेशात रस्ता असा, की आठ मैलांवर गाडी निघाली तरी धूळ दिसते. त्यामुळे आशेला तिथे फार लांबवर पसरायला जागा मिळते.

धूळ दिसली. सगळे उठले. ती बियाण्याची गाडी निघाली. चालकानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला आणि पुढे गेला.

डुकराची चरबी निखाऱ्यावर टपटपत राहिली. ऊन उतरायला लागलं.

"जेवत असतील," मर्ल म्हणाला.

"अजून कळलं नसेल," दुसरं कोणी म्हणालं.

"कोबी ठेवलाय!" व्हर्लिन म्हणाला. "कोबी बघून कळायला काय वकील लागतो?"

शेवटी त्याच्यानं राहवेना. आर्डिसच्या घरात गेला, शेरीफच्या कचेरीला फोन लावला आणि आवाज बदलून, नाकातून बोलला, "तुमचा कर्नल पळवलाय. चोर केटल फोर्कमध्ये आहेत. हिंमत असेल तर या."

पलीकडे एक मुलगी होती. अशा फोनांसाठी आता तीन जिल्हे पलीकडे कुठेतरी एकच कचेरी होती. "सर, कर्नल जखमी आहेत का?"

"पुतळा आहे तो!"

"बरं. केटल फोर्क म्हणजे रस्त्याचं नाव का?"

"गाव आहे!"

"जवळचा चौक कोणता, सर?"

केटल फोर्कमध्ये रस्ताच एक. चौकाला दोन लागतात. व्हर्लिन नाकातून बोलायचं विसरला. "पोरी," तो आपल्या आवाजात म्हणाला, "नदीकडे ये. जिथे डुक्कर भाजल्याचा वास येईल, तिथे थांब."

तासाभरानं धूळ उठली. शेरीफची गाडी! एकच होती, दिवे लावलेले नव्हते, भोंगा नव्हता, आणि इतकी सावकाश येत होती जसं काही कोणाचं घर शोधतेय. पण आली. व्हर्लिननं टोपी हवेत फेकली. "आले! आर्डिस, बघ! आले की नाही?"

गाडीतून शेरीफच्या हाताखालची एक तरुण डेप्युटी उतरली. केल्सी नाव, छातीवर पाटी होती. पूर्वेकडून कुठूनतरी नुकतीच नोकरीला आलेली. तिनं पिंपावरच्या कर्नलकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, मग व्हर्लिनकडे.

"आजोबा, हा पुतळा इथे कसा आला?"

"मी चोरला!" व्हर्लिन छाती काढून म्हणाला. "आता तू गाडीत बस, भोंगा लाव. मी पिकअप घेऊन पळतो. तू पुलापर्यंत मागे लाग. टोमॅटो आर्डिस देईल."

केल्सीनं हातातली वही मिटली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला, तान्ह्या मुलाशी बोलावं तसा. "आजोबा, आधी जरा बसू या का? आज तारीख काय आहे, सांगता?"

"अठराशे सत्त्याऐंशी!" व्हर्लिन रुबाबात म्हणाला. पणजोबांच्या चोरीचं ते साल, आणि चोरीच्या दिवशी हे असंच म्हणायचं असतं. लोकांनी यावर टाळ्या वाजवायच्या असतात. मर्लनं वाजवल्या.

"आणि सध्या राष्ट्राध्यक्ष कोण आहेत?"

"कोण का असेना, इकडे कधी फिरकलेला नाही."

केल्सीनं मान हलवली. तेवढ्यात आर्डिस मधे पडली. "हे बघ बाळ, तू नवीन आहेस. गैरसमज करून घेऊ नकोस. आम्ही दरवर्षी चोरी करतो. म्हणजे पेटी. यंदा पेटी नव्हती म्हणून कर्नल. मग ते आमच्यामागे लागतात. पिठाच्या पिशव्या मारतात. आम्ही जागेवर कोबी ठेवतो ना, त्यावरून त्यांना कळतं."

बोलता बोलता आर्डिसलाच ऐकू आलं आपण काय बोलतोय, आणि ती थांबली.

"कोबी तुमचा होता?" केल्सी म्हणाली. "माळीबुवांनी घरी नेला. चांगला होता म्हणाले."

"काय म्हणतेय ती?" लेरॉय ओरडला.

"कोबी खाल्ला!" मर्ल ओरडला.

केल्सीनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. खुर्च्यांवर बसलेली म्हातारी माणसं, रिकामा रस्ता, दोन गावांना पुरेल एवढं जेवण. मग तिनं हळूच विचारलं, "यांचं जवळचं कोणी आहे?"

जोलीन दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. वेस्टोव्हरचा सरकारी वकील काय म्हणाला ते केल्सीनं आर्डिसच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. ब्राँझचा पुतळा म्हणजे मोठी चोरी, खटला होऊ शकतो. पण वय बघता, डोक्याची अवस्था बघता, घरच्यांनी ताब्यात घेतलं आणि एकटं राहू दिलं नाही तर प्रकरण इथेच मिटेल. गाडी चालवायचा परवाना मात्र जमा करावा लागेल.

"डोक्याची अवस्था?" व्हर्लिन उठून उभा राहिला. "माझं डोकं तुझ्या वकिलापेक्षा ठिकाणावर आहे! जोलीन, सांग हिला. मी चोर आहे म्हणून सांग. चार पिढ्यांचा!"

"बाबा," जोलीन म्हणाली, "मला माहीत आहे तुम्हाला काही झालेलं नाही. पण चोर म्हटलं तर खटला होतो. भ्रमिष्ट म्हटलं तर घरी सोडतात."

"मग होऊ दे खटला! कोर्टात वेस्टोव्हरचा कोणीतरी येईलच की! उभा राहून म्हणेल, ह्या हरामखोरानं आमचा कर्नल पळवला! कोणीतरी चिडेल!"

केल्सी चाचरत म्हणाली, "आजोबा, तसं… तक्रार कोणीच केलेली नाही. कालचा फोन तेवढा आला. समितीच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या त्या जागी मोटारी चार्ज करायची सोय होणार आहे. पुतळा तुम्हाला ठेवायचा असेल तर ठेवा."

व्हर्लिन खाली बसला. मग त्याला एक गोष्ट सुचली, आणि डोळ्यांत परत चमक आली.

"काही असो. पैज मी जिंकलो. वेस्टोव्हरहून गाडी आली होती. सगळ्यांनी बघितली. आर्डिस, तू पंच. सांग."

आर्डिसनं हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केली. तिला एका शब्दात त्याला राखता आलं असतं. रोज सकाळी कॉफीला समोर बसणारा, चाळीस वर्षं तेच विनोद सांगणारा हा माणूस. पण नाताळात तळघराच्या तळाशी तो निळा पडलेला तिनंच बघितला होता, आणि उचलायचा प्रयत्न करून बघितला होता, आणि तिच्यानं तो उचलला गेला नव्हता. शेवटी त्याच्या शेजारी थंड फरशीवर बसून राहिली होती, रुग्णवाहिका येईपर्यंत. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही.

"मागे लागून नाही आली ती," आर्डिस म्हणाली. "तू फोन केलास म्हणून आली."

"आर्डिस."

"बोलावलेल्याला मागे लागणं म्हणत नाहीत, व्हर्लिन."

त्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. ती ओट्याकडे बघत होती. मग त्यानं जोलीनला विचारलं, "त्या कारंज्यात पोहता येतं का?" आणि कोणी हसायच्या आत बॅग भरायला गेला.

डुक्कर खूप उरलं होतं. केल्सीला डबाभर दिलं. तिनं केकची कृती विचारली आणि आर्डिसनं सांगितली. मर्ल आणि लेरॉय अंगणात उभे होते, काय करावं न सुचून एकदा व्हर्लिनच्या बॅगेला, एकदा एकमेकांना हात लावत. व्हर्लिननं दोघांच्या पाठीवर थापा मारल्या. लेरॉय ओरडला, "परत कधी?" आणि या वेळी मर्ल त्याच्या कानात काहीच ओरडला नाही.

गाडी निघाली. बाकी कुठलं गाव असतं तर एक बरं झालं असतं: एखादं वळण आलं असतं, एखादा डोंगर, झाडी, आणि गाव पटकन दिसेनासं झालं असतं. रडायचं ते रडून माणूस मोकळा झाला असता. पण त्या सपाट रानात केटल फोर्कचा तो पांढरा मनोरा कुठे म्हणून जाईना. कापलेल्या गव्हाची शेतं मागे गेली, पवनचक्क्या मागे गेल्या, जिल्ह्याची हद्द गेली, तरी हा आपला काचेत, बोटाएवढा, उभाच. जोलीननं रेडिओ लावला, बंद केला.

व्हर्लिन समोर बघत होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "अजून दिसतंय का ते?"

जोलीननं आरशात बघितलं. "दिसतंय, बाबा."

"मग जरा जोरात हाण की," तो म्हणाला.